चौदा दिवसांची गोळी

आमच्या फ्रिजच्या दारावर एक तक्ता अजून चिकटवलेला आहे. चौदा चौकोन, प्रत्येकात निळ्या पेनाने केलेली बरोबरची खूण, आणि सगळ्या खुणा माझ्या हातच्या. कामाला येणाऱ्या मावशींनी दोनदा विचारलं, "ताई, काढू का हा कागद, चिकटपट्टीला घाण धरते." दोन्ही वेळा मी त्यांच्यावर खेकसले. आता त्या विचारत नाहीत, फ्रिज पुसताना तेवढी जागा सोडून देतात.

मी नाशिकच्या एका कॉलेजात गणित शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे दर वर्षी नव्याने अर्ज करायचा आणि यंदा घेतील का नाही याची वाट बघत बसायचं. पीएच.डी. झाली तर कायम होण्याची थोडी आशा. म्हणून तिशी ओलांडल्यावर नाव नोंदवलं आणि विषय घेतला हिवतापाचा, त्यातही उलटणाऱ्या हिवतापाचा. लोक विचारायचे, गणिताचा आणि तापाचा काय संबंध? पहिली दोन वर्षं मी नीट समजावून सांगत होते. पुढे कंटाळा आला आणि "काही नाही हो, गंमत म्हणून करते" असं म्हणायला लागले.

पण संबंध आहे, आणि तो अवघड नाही. या तापाचे जंतू डासातून अंगात येतात, रक्तात वाढतात, माणसाला हुडहुडी भरते. गोळी दिली की रक्तातले जंतू मरतात, माणूस उठून कामाला लागतो. पण काही जंतू यकृतात जाऊन नुसते झोपून राहतात. दोन महिने, सहा महिने, कधी त्याहून जास्त. मग एक दिवस ते उठतात आणि नवा डास चावलेला नसतानाही ताप उलटतो. या झोपलेल्यांना मारायला दुसरी गोळी आहे. ती चौदा दिवस घ्यावी लागते, रोज, न चुकता. गणितात आपण माणसांचे चौकोन करायचे: निरोगी, तापलेले, आणि वरून बरे दिसणारे पण आत जंतू बाळगणारे. चौकोनांमधून बाण काढायचे आणि कोणत्या बाणावरून किती माणसं जातात ते शोधायचं. एवढंच. चौदा दिवस गोळी घेतलेली माणसं परत तापात यायला नकोत, हा त्यातला सगळ्यात साधा बाण.

हा विषय मी घेतला तो वडिलांमुळे. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. नाना सुरगाण्याकडे हिवतापाचे आरोग्यसेवक होते. पंधरवड्याला प्रत्येक पाड्यावर जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, भिंतीवर खडूने तारीख टाकायची. ज्याच्या रक्तात जंतू निघेल त्याला गोळ्या द्यायच्या. सरकारी रजिस्टर सरकारजमा व्हायचं, पण नानांना सगळं स्वतःच्या डायरीत उतरवून ठेवायची खोड होती. निवृत्त होऊन घरी आले ते एक पत्र्याची पेटी भरून डायऱ्या घेऊन. आई तेव्हा होती. ती म्हणाली, "एवढ्या वर्षांचं काय आणलंत, तर हे." नाना हसले होते.

आई गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. मी लग्न केलं नाही, त्यावर बोलायचं नाही असा आमच्या घरात अलिखित करार होता. मी नोकरीला लागल्यापासून ते मला मॅडम म्हणायचे. "मॅडम, चहा घेणार का?" "मॅडम, गॅस संपलाय." मी मॉडेलचे चौकोन कागदावर काढून दाखवले तेव्हा चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या चौकोनात जीप कुठंय?"

"कसली जीप?"

"काळी-पिवळी. दिवाळीच्या आधी माणसं जीपमध्ये बसून दिंडोरीला द्राक्षाच्या छाटणीला जातेत. गोळ्या चालू असल्या तरी जातेत. ती तुझ्या बाणावर थांबायची नाय."

मी म्हटलं, नाना, मॉडेलमध्ये सगळं घालता येत नाही. आणि विषय संपवला.

त्यांच्या डायऱ्यांवरच माझा प्रबंध उभा होता. शेवटच्या काही वर्षांच्या डायऱ्यांत प्रत्येक रुग्णापुढे चौदा बारीक खुणा होत्या. कुणाला गोळी कधी दिली, किती दिवस दिली, ताप परत कधी आला, सगळं घरवार. माझे मार्गदर्शक सर तर खूश होते, असा माल कुणाकडे नसतो म्हणाले. मी सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर डायऱ्या पसरून एकेक ओळ संगणकात भरायची आणि नाना समोर बसून भाजी निवडायचे. कुणाचंही नाव आलं की त्या घराची गोष्ट सांगायचे. माझा वेळ जायचा, मी हूं हूं करायची.

गणित मात्र जमेना. ज्यांनी चौदा दिवस गोळी घेतली त्यांचाही ताप जवळजवळ न घेतलेल्यांइतकाच उलटत होता. मी समीकरणं बदलून पाहिली, बाण वाढवले. सरांनी एक दिवस डोकं खाजवत विचारलं, "मॅडम, एक तर गोळी कुचकामी आहे, नाहीतर नोंदी. तुम्हाला काय वाटतं?"

मी घरी येऊन भिंग घेऊन बसले. नोंदीच होत्या. एकाच पेनाच्या, एकाच तिरकसपणाच्या, एका बैठकीत ओढलेल्या चौदा खुणा. पानंच्या पानं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नाना मेथी निवडत होते. मी डायरी त्यांच्यासमोर आपटली आणि मेथीची पानं खाली उडाली.

"या खुणा रोजच्या आहेत?"

त्यांनी डायरीकडे पाहिलंही नाही. "आधी पाच दिवसांचा कोर्स होता," ते म्हणाले. "पाच दिवस निभायचे. मग चौदा दिवसांचा आला. माणूस मी एकटाच, पाडे तेवढेच."

"मग तसं लिहायचं ना!"

"तसं लिहायला रकाना नव्हता."

"रकाना नव्हता म्हणून खोटं लिहायचं? पाच वर्षं मी तुमच्या खोट्यावर गणित मांडत बसलेय. आयुष्यभर लोकांना सांगत आलात की मी गोळी समोर गिळायला लावायचो, तोंड उघडून बघायचो."

"लावायचो," ते म्हणाले. "जिथं पोचायचो तिथं लावायचो."

मी आणखी पुष्कळ बोलले. माझी जीभ अशी आहे की एकदा सुटली की तिला आवरायला मीच लागते, आणि मी त्या दिवशी आवरायला नव्हते. शेवटी म्हटलं, "सही ठोकून पगार घेतलात, एवढंच खरं." नानांनी खाली वाकून मेथीची पानं एकेक उचलली, धुतली आणि भाजी फोडणीला टाकली.

सोमवारी मी कॉलेजातून आले तर घराला कुलूप. शेजारी किल्ली आणि निरोप: सुरगाण्याला जातोय, काळजी करू नये. सत्तरीला टेकलेला माणूस, हृदयाचं एक ऑपरेशन झालेलं, आणि श्रावणाचा पाऊस. फोन लागायचा नाही. मला राग आला, आणि खरं सांगते, काळजीपेक्षा राग जास्त होता. रुसून गेलेत असं मी ठरवून टाकलं.

नवव्या दिवशी आले. गुडघ्यापर्यंत चिखल, पिशवीत नागलीचं पीठ आणि डायऱ्या. डायऱ्या त्यांनी टेबलावर ठेवल्या. लाल पेनाने खुणाच खुणा खोडल्या होत्या, आणि प्रत्येक खोडलेल्या ओळीपुढे कारण लिहिलं होतं. घर बंद. छाटणीला गेले. ओहोळाला पूर, परत फिरलो. गोळ्या संपल्या होत्या. काही ठिकाणी: कंटाळा केला. एका ठिकाणी: रस्त्यावरून ओरडून विचारलं, आत गेलो नाही.

"आता बघ तुझं गणित," नाना म्हणाले.

मी काय म्हणाले? म्हणाले, "आधी पाय धुवा, सगळा चिखल घरात आणलात."

गणित जमलं. एका आठवड्यात जमलं. खोडलेल्या खुणा काढून टाकल्या तसा तो साधा बाण हवा तिथे जाऊन बसला. ज्यांनी खरोखर चौदा दिवस गोळी घेतली होती ते क्वचितच परत आले होते. संगणकात भरायला मी प्रत्येक कारणाला एक आकडा दिला. घर बंद एक, स्थलांतर दोन, रस्ता आणि पाऊस तीन, पुरवठा चार, आणि वैयक्तिक पाच. कंटाळा पाच. ओरडून विचारलं तेही पाच. सरांना ती ओळ मी वाचून दाखवली, रस्त्यावरून ओरडून विचारलं, आत गेलो नाही, आणि आम्ही दोघं हसलो. सर म्हणाले, प्रामाणिक माणूस आहे. मी म्हटलं, उशिरा झाला.

एका गणपतीच्या सुमाराला लागोपाठ बारा दिवस, सहा घरांपुढे एकच कारण होतं: मुलगी दवाखान्यात, नाशिकला होतो. एम.एस्सी.ला असताना मला टायफॉइड झाला होता. नाना बारा दिवस माझ्या खाटेशी स्टुलावर बसून होते, मोसंबी सोलून देत होते. रजा शिल्लक नव्हती हे मला तेव्हा कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. ती ओळ मी वाचली. वाचून सहा घरांपुढे पाच हा आकडा टाकला आणि पान उलटलं.

सुरगाण्याहून आल्यावर दोनेक आठवड्यांनी नानांना हुडहुडी भरली. तीन चादरी घालूनही दात वाजत होते. ताप उतरल्यावर घामाने भिजलेल्या गंजीत उठून बसले आणि म्हणाले, "एक दिवसाआड येणार बघ. आपल्याच खात्याचा ताप हाय." रक्ततपासणीत तेच निघालं. डॉक्टरांनी आधी रक्तातल्या जंतूंसाठी तीन दिवसांची गोळी दिली आणि मग ती, चौदा दिवसांची, रोज दोन.

तक्ता मी केला. नानांना तो फार आवडला. "वा मॅडम, रकाने कसे सरळ काढलेत." पहिल्या दिवशी मी पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहिले. त्यांनी गोळ्या गिळल्या आणि न सांगता तोंड उघडलं, जीभ उचलून दाखवली. आम्ही दोघं हसलो, आणि भांडणानंतरचं ते पहिलं हसू होतं. मी खूण केली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी ते म्हणाले, "पोटात ढवळतंय गं या गोळीनं." मी पर्स शोधत होते. सरांकडे प्रकरण द्यायचं होतं. म्हटलं, "मग जेवून घ्या ना, रिकाम्या पोटी कशाला घेता." आणि चप्पल घालता घालता दारातून विचारलं, "घ्याल ना नाना?" आतून आवाज आला, "हो." फ्रिज दाराजवळच आहे. जाता जाता मी खूण केली.

त्यानंतर रोज असंच. दारातून विचारायचं, आतून हो यायचं. दोन-तीनदा तर मी विचारायचं विसरले आणि संध्याकाळी दोन दिवसांच्या खुणा एकदम केल्या. चौदावी खूण केली तेव्हा नाना बाहेर गॅलरीत बसले होते. मी ओरडून सांगितलं, "नाना, कोर्स पूर्ण!" ते म्हणाले, "शाब्बास मॅडम."

दिवाळी चांगली गेली. प्रबंध टाईप होऊन आला. थंडी पडली, आणि एका दुपारी मी घरी आले तर नाना पांघरुणात थरथरत होते.

या वेळी दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या वेळी चौदा दिवसांचा कोर्स पूर्ण केला होता?"

"हो," मी म्हणाले. माझा आवाज मला अजून ऐकू येतो, वर्गात असतो तसा खणखणीत. "माझ्याकडे तक्ता आहे." मोबाईलमध्ये फोटो होता, तो काढून दाखवला. डॉक्टर म्हणाले, मग कदाचित गोळी लागू पडली नसेल, किंवा नवीन लागण असेल, बघू. नाना खाटेवर जागे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलतील असं वाटलं. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, थकलेत.

एक दिवसाआडचा ताप तरण्या माणसालाही पिळून काढतो. नानांचं हृदय आधीच थकलेलं होतं. सहाव्या दिवशी, तापाची पाळी नसताना, ते गेले. मी शेजारीच होते. मोसंबी सोलत होते.

दहाव्याला घाटावर एक म्हातारे गृहस्थ आले होते. सुरगाण्याकडून दोन गाड्या बदलून आले होते, हातात नागलीच्या पिठाची पिशवी. मला म्हणाले, "बाबा पावसात आमच्या पाड्यावर राहला. घरोघर जाऊन इचारायचा, मी तुमाला तवा गोळ्या खऱ्याच दिल्या व्हत्या का. आमाला हसू यायचं. एवढं कोण ध्यानात ठेवतंय? तर तोच सांगायचा, नाय, त्या दिवशी मी आलोच नव्हतो. लिवून घ्यायचा." मग म्हणाले, "आमी म्हटलं, बाबा, जाऊ दे आता, लय वर्सं झाली. तर म्हणला, नाय, माझी पोरगी लय शिकलेली हाय, तिला खरं लागतंय."

मला तिथे बसवेना. मी उठून नदीकडे तोंड करून उभी राहिले.

महिन्याभराने त्यांची खोली आवरायला घेतली. काचपट्ट्या ठेवायची एक लाकडी पेटी होती, खाचांची. तिच्यात ते चष्मा, पेन, नखं कापायचं यंत्र असलं काही ठेवायचे. ते लाल पेनही त्यातच होतं. त्याच्या खाली गोळ्यांच्या दोन पट्ट्या. पहिलीतल्या सहा जागा फुटलेल्या, म्हणजे तीन दिवसांच्या. बाकी बावीस गोळ्या जशाच्या तशा.

का घेतल्या नाहीत ते मला कधीच कळणार नाही. पोटात ढवळायचं म्हणून असेल. विसरत असतील, वय झालं होतं. की उद्या घेऊ म्हणत असतील आणि मी रोज खूण करून टाकत असेन. दवाखान्यात ते एका वाक्यात सांगू शकले असते, मॅडमनी बघितलं नाही. पण खोट्या खुणांवरून माणसाला काय काय ऐकून घ्यावं लागतं ते त्यांना माझ्याकडूनच कळलं होतं. डॉक्टरांसमोर त्यांनी मला तेवढ्यातून सोडवलं. मी त्यांना माझ्याच टेबलावर, मेथीच्या पानांसमोर सोडलं नव्हतं.

एक ओळ माझ्या संगणकातही होती. नाना गेल्यावर, प्रबंध सादर करण्याआधी, दुःखाच्या भरात की शहाणपणाच्या, मी नानांनाही एक रुग्ण म्हणून भरलं होतं: चौदा दिवस पूर्ण, तरी ताप उलटला. सर म्हणाले होते, एकच उदाहरण पण बोलकं आहे, राहू द्या. ती ओळ मी दुरुस्त केली. समीकरणात काही फरक पडला नाही, उलट ती आणखी चपखल बसली.

मग लाल पेन घेऊन फ्रिजपाशी गेले. पहिल्या तीन खुणा तशाच ठेवल्या. चौथीपासून एकेक खोडत गेले, अकरा. तक्त्यात कारणाचा रकाना मी ठेवलाच नव्हता, म्हणून समासात लिहिलं, बारीक अक्षरात, अकरा वेळा. दारातून ओरडून विचारलं, आत गेले नाही.